सुई कुणाकडे वळली

टक्!

जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक फ्रिजला जाऊन चिकटलं, आणि भांडी विसळणारी आई दचकली. आठवडाभर घर कसं मुकं झालं होतं. एरवी भिंगरीच्या तोंडाला उसंत नसे, चमच्यापासून चंद्रापर्यंत सगळ्याला "का?"

गेल्या रविवारी वाचनालयातल्या विज्ञान क्लबात बाईंनीच तिला गप्प केलं होतं. चुंबकावर घासलेली सुई बुचावर ठेवून वाटीतल्या पाण्यात तरंगवायची, की झालं होकायंत्र. ते जमवलं भिंगरीने. पण पुढच्या रविवारी पालकांसमोर बोलणार बाईंचा भाचा! "तू नुसती वाटी धर हं. तुझी टकळी सुरू झाली की थांबत नाही."

"मी नाही जाणार आता," भिंगरी फ्रिजकडे बघतच पुटपुटली.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जायचं, राणी. ताठ मानेने वाटी धरायची." लेकीची पाठ फिरताच तिने चुंबक उपटून पर्समध्ये टाकलं. आज बाईंची पुरती जिरवायचीच!

वाचनालयाच्या हॉलात पालक जमायच्या आत, टेबलावरची चादर सारखी करायच्या मिषाने, तिने ते बाईंच्या बाजूला चादरीखाली सरकवलं.

"सुई नेहमी उत्तर दिशा दाखवते," भाचा घडाघडा म्हणाला.

सुई गर्रकन फिरली ती बाईंच्या पोटाकडे. बाईंनी वाटीला टिचकी मारली. सुई पुन्हा त्यांच्याकडेच.

"बाई, उत्तर ध्रुव तुम्हीच की काय!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदला. बाईंच्या कपाळावर घाम फुटला, आणि आईच्या काळजात कसं गारगार झालं.

"थांबा, थांबा!" भिंगरी पुढे सरसावली. "बाईंनी सांगितलंय ना, बिघडलं की रडायचं नाही. एकच गोष्ट हलवायची, नि बघायचं."

ती वाटी बोटभर सरकवी, सुईकडे बघे, पुन्हा सरकवी. डोळे असे चमकत होते, की आई सूडबीड विसरून बघतच राहिली. शेवटी भिंगरीने चादरीखाली हात घातला.

"सापडलं!"

टाळ्या पडल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला. "शाबास गं! चुकलंच माझं, तूच बोलायला हवं होतंस. बोल, आता पुढचा प्रश्न काय?"

भिंगरीने चुंबक उलटं केलं. आईच्या नेलपॉलिशने तिनेच काढलेली गुलाबी चांदणी त्यावर होती. तिने आईकडे बघितलं, नि सगळ्या माना तिच्या नजरेमागे वळल्या.

"आई, अगं, हे तर आपल्या फ्रिजवरचं! इथं कोणी ठेवलं?"