वीस मिलिमीटरची गरम पिन

साल दोन हजार चोवीस, वैशाख, मे महिन्याचा तिसरा आठवडा. मी मायक्रोमीटर, जाडी मोजणारं हत्यार, बोलतोय. मुक्काम चाकण, रोहिदासभाऊंचं वर्कशॉप.

शून्य ते पंचवीस मिलिमीटर, एवढीच माझी शाळा. पण तेवढ्यात मला कुणी खोटं ठरवू नये. भाऊंनी नोकरीत असताना पहिल्या बोनसातून मला घेतलं. तीस वर्षं त्यांच्या हातात काढली. मग आकडे दाखवणारा डिजिटल आला आणि मी खणात पडलो. धाराशिवहून आलेल्या दिपालीनं मला बाहेर काढून पुसलं.

दिपाली लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, तीन महिन्यांच्या बोलीवर होती. त्या आठवड्यात तिच्या पिना दोनदा नापास झाल्या. जाडी हवी वीस मिलिमीटर. ती लेथवरून पिन काढून लगेच माझ्या जबड्यात धरायची. मी वीस सांगायचो. तपासणीच्या एसी खोलीत निरंजनसाहेबांचा डिजिटल दहा मायक्रॉन कमी सांगायचा. केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा फरक. तिसऱ्यांदा नापास म्हणजे घरी.

साहेब लेथपाशी आले. "दिपाली, हा म्हातारा चुकतो असं लिहून दे. तो भंगारात जाईल, तू सुटशील."

"नाही सर. रोज शून्य तपासूनच घेते त्याला. चुकत असेल तर माझं."

"नोकरी जाईल गं!"

"जाऊ दे. खोटी सही नाही करणार."

माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. मी तिचा देणेकरी झालो.

गलका ऐकून भाऊ आले. लेथवरची ताजी पिन उचलली आणि हात झटकला. "आरं, तव्यावरची भाकर हाय का ही? पाणी का सोडत न्हाईस?"

"पाण्याचा पंप चार दिवस बंद आहे. तुम्हीच म्हणालात, काम थांबवू नको."

भाऊंनी मला हातात घेतलं. पिन मोजली, वीस. मग बादलीत टाकली, निवू दिली, पुसून पुन्हा मोजली. दहा मायक्रॉन कमी.

"लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं," भाऊ म्हणाले. "साहेब, तुमच्या खोलीत जाईस्तवर पिन बारीक व्हतीय. दोघंबी खरंच बोलत्यात."

"म्हणजे आता म्हाताऱ्याची माफी मागू?"

"मागा की!"

पुढच्या साठ पिना दिपालीनं लेथवर शेवटचा हात फिरवण्याआधी बादलीत निववल्या. प्रत्येक वेळी आकडा मी सांगितला. साठही पास झाल्या. शनिवारी भाऊंनी तिला कायम केलं.

माझं देणं फिटलं.