माझा हवेचा पंप काढला ते वर्ष

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन दारांची, बुटकी, गडद हिरव्या रंगाची. लोक मला स्पोर्ट्स कार म्हणतात. पण मी शर्यतीत कधीच धावले नाही. मी प्रयोगशाळेत जाणाऱ्या एका बाईंना पहाटे कामावर पोचवलं आणि तांदळाची पोती वाहिली. त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म १९८७ साली जपानमधल्या एका कारखान्यात झाला. ज्यांनी मला जोडलं त्यांचे चेहरे आठवत नाहीत, हात आठवतात. शेवटच्या माणसाने माझे पुढचे दिवे दोनदा वर-खाली करून पाहिले. माझे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर येतात. तिथून जहाजाने मी जर्मनीत आले. पहिली नऊ वर्षं मी लुडविग्सबुर्गच्या एका दंतवैद्याकडे होते. तो मला फक्त रविवारी आणि ऊन असेल तरच बाहेर काढायचा. त्याने मला जपलं, पण मी कंटाळले होते.

१९९६ साली स्नेहलताबाई आल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या पुण्याहून श्टुटगार्टला आल्या होत्या. नवरा, शरदराव, सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि रोज एस-बान या लोकल रेल्वेने जायचा. बाईंना मात्र सकाळी सहाला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत हजर व्हावं लागे. ओळखीच्या सगळ्यांनी त्यांना मोठी गाडी घ्यायला सांगितलं, घरात मुलगी आहे, सामान असतं म्हणून. बाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली, माझे दिवे वर-खाली केले आणि म्हणाल्या, "हीच."

माझी मागची सीट अगदी लहान. तिच्यावर एका बाजूला दहा वर्षांची ज्ञानदा बसायची आणि दुसऱ्या बाजूला वीस किलो तांदळाचं पोतं. बाई दोघांनाही सीटबेल्ट लावायच्या. ज्ञानदा त्या पोत्याला आपला भाऊ म्हणायची आणि वळणावर त्याला कोपर मारायची. पुढे शरदराव गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि वेग कमी कर म्हणायचे. बाई ऐकायच्या नाहीत.

दर शनिवारी बाई माझं बॉनेट उघडून तेल आणि पाणी बघायच्या. काही वेगळा आवाज आला तर थांबून ऐकायच्या. एकदा त्यांनी ज्ञानदाला सांगितलं की तू अठराची झालीस की ही गाडी तुझी. शरदराव शेजारीच उभे होते. त्यांनीही ते ऐकलं.

२००३ साली बाई आजारी पडल्या. दवाखान्यात भरती व्हायला त्या स्वतः मला चालवत गेल्या. परत येताना शरदरावांनी चालवलं, बराच वेळ पहिल्याच गिअरमध्ये. बाई पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. ऑक्टोबरात त्या गेल्या. मी थंडीभर गॅरेजमध्ये उभी होते. माझी बॅटरी उतरली, पण कुणी पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये शरदराव आले. शनिवारी त्यांना घरात बसवत नव्हतं. कोर्नवेस्टहाइमला एक भाड्याचं वर्कशॉप आहे. तिथे तासावर लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, आपली गाडी आपणच दुरुस्त करायची. इथे रस्त्यावर गाडी खोलून बसलेलं कुणी चालवून घेत नाही. त्या वर्कशॉपचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, हेबेर्ले. निळ्या डगल्यातले म्हातारे गृहस्थ, विचारल्याशिवाय न बोलणारे.

माझ्या पुढच्या भागात एक हवेचा पंप होता. तो धुरात ताजी हवा सोडायचा, म्हणजे उरलेला विषारी वायू जळून जाई. थंडीत उभी राहिल्याने तो कण्हू लागला होता. शरदरावांनी ठरवलं, हा काढायचा. तरुणपणी पुण्यात त्यांच्याकडे मोटारसायकल होती. तेव्हा नाक्यावरच्या मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं की कंपनीने लावलेलं जास्तीचं सगळं काढून टाका साहेब, गाडी हलकी पळेल. ते वाक्य त्यांनी पंचवीस वर्षं जपलं होतं. पंप धुरासाठी आहे, इंजिनासाठी नाही, असं ते स्वतःशी म्हणाले.

हेर हेबेर्लेंनी पाहिलं आणि सांगितलं की इथे असं करायला परवानगी नाही, गाडीचा परवाना रद्द होतो, आणि सप्टेंबरात तुमच्या गाडीची सरकारी तपासणी आहे.

"तपासणीपुरता परत लावीन," शरदराव म्हणाले. "आमच्याकडे असंच करतात."

"आमच्याकडे नाही करत," हेबेर्ले म्हणाले आणि निघून गेले.

पंप निघाला, त्याचा बेल्ट निघाला, नळ्या आणि झडपा निघाल्या. शरदरावांनी सगळे भाग धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहिले दोन दिवस मी खरंच शांत चालले. तिसऱ्या दिवशी आम्ही वाइनष्टाइगेचा चढ चढत होतो. माझा तापमानाचा काटा हलला, मग सरळ लाल रेघेकडे निघाला. मी वाफ सोडत रस्त्याच्या कडेला थांबले.

तिथून शरदरावांची चिकाटी सुरू झाली. मे महिन्यात त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. जूनमध्ये पाण्यात हवा अडकली असेल म्हणून पुढची चाकं उंच करून सगळी हवा काढली. जुलैमध्ये नवा रेडिएटर बसवला. गावात मी ठीक चालायची. पण चढ आला किंवा आउटोबान महामार्गावर इंजिन जोरात फिरलं की पुन्हा तापायची. दिवे लावले की बॅटरीचा लाल दिवाही लुकलुकायचा. समोरून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. शरदराव म्हणायचे, दमट हवा आहे.

मित्रांनो, मला कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मला बोलता येत नाही. मला फक्त गरम होता येतं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी ज्ञानदा वर्कशॉपमध्ये आली. तिच्या हातात पोह्यांचा डबा होता. तेव्हा मी नुकतीच उकळले होते आणि शरदरावांच्या मनगटावर गरम पाणी उडालं होतं. त्यांनी ते रुमालाने बांधलं होतं आणि पुन्हा माझ्याखाली शिरले होते. ज्ञानदाने त्यांना बाहेर बोलावलं, मनगट नळाखाली धरायला लावलं, आणि पाणी वाहत असताना बोलली.

"महिनाभरात ही तयार नसेल तर भंगारवाल्याला फोन करू. मला गाडी नको, बाबा. मी दर शनिवारी एकटी जेवते."

"आईने कबूल केलंय तुला."

"गाडी गेली म्हणून आई रागावली नसती. तू असा झालास म्हणून रागावली असती."

शरदरावांनी नळ बंद केला. मग म्हणाले, सप्टेंबर अखेरपर्यंत मुदत दे, तोपर्यंत नाही झालं तर मी स्वतः फोन करीन. मला ते ऐकू आलं. माझ्या आयुष्याला पाच आठवडे उरले होते.

ज्ञानदाने स्टूल ओढलं. "बरं, मग मलाही सांग. कधीपासून गरम होते ही?"

"एप्रिलपासून."

"एप्रिलमध्ये काय केलंस?"

शरदराव हातातला पाना पुसत राहिले. पाना स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"पंप काढला," ते म्हणाले. "पण त्याचा पाण्याशी काही संबंध नाही."

"कुणी सांगितलं?"

ज्याने सांगितलं होतं, त्याने पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि तेही एका मोटारसायकलबद्दल. त्या मोटारसायकलीत इंजिन थंड ठेवायला पाणीच नव्हतं.

मग त्यांनी हेर हेबेर्लेंना हाक मारली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं की तुम्हाला काय वाटतं. हेबेर्ले टॉर्च घेऊन आले. त्यांनी माझ्या पाण्याच्या पंपाच्या चाकावर उजेड टाकला. त्या चाकाला दोन खाचा होत्या. एकीत बेल्ट होता, दुसरी रिकामी होती. हेबेर्लेंनी समजावलं की पाणी फिरवणारं हे चाक दोन बेल्ट मिळून ओढतात. एक वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवरून येतो, दुसरा हवेच्या पंपावरून. पंप काढला तेव्हा दुसरा बेल्टही गेला. उरलेला एकटा बेल्ट हळू फिरताना पुरतो, जोर आला की घसरतो. पाणी फिरत नाही, वीजही कमी पडते. त्यांनी बेल्टवर बोट फिरवून दाखवलं. तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि बॉनेटच्या आत त्याची काळी भुकटी उडाली होती.

"आधी का नाही सांगितलंत?" ज्ञानदाने विचारलं.

"यांनी विचारलं नाही," हेबेर्ले म्हणाले. "यांनी रेडिएटर मागितला."

ज्ञानदाला हसू आलं. शरदरावांना आलं नाही. ते स्टुलावर बसले आणि त्या बेल्टकडे पाहत राहिले. त्या बेल्टचा दोष नव्हता, मित्रांनो. दोघांचं काम तो एकटा करत होता, आणि जमेल तेवढं त्याने केलं होतं.

"परत लावू," शरदराव म्हणाले. "तपासणीपुरतं नाही. कायमचं."

त्यासाठी चार शनिवार लागले. पंपाचं बेअरिंग बदललं तेव्हा तो कण्हायचा थांबला. एक बोल्ट गंजून आतच तुटला. शरदरावांनी त्याला ड्रिल करून बाहेर काढलं, त्यात अख्खी दुपार गेली, पण ते उठले नाहीत. ज्ञानदा बाजूला उभी राहून उजेड धरत होती. दोन्ही नवे बेल्ट तिने ताणले. अंगठ्याने दाबून बोटभर ढिलाई राहते ना, ते स्वतः पाहिलं. काम करता करता तिने आईबद्दल विचारलं. आई गाडी चालवायला कशी शिकली, पहिल्यांदा उलट्या बाजूने कशी गेली, पोलिसाला काय म्हणाली. शरदरावांनी सगळं सांगितलं. बाई गेल्यापासून त्या घरात त्यांचं नाव एवढं कुणी घेतलं नव्हतं. त्या शनिवारी ती दोघं माझ्या दारात बसून एकाच डब्यातून जेवली.

तपासणीच्या दिवशी तपासनिसाने माझ्या धुराच्या नळकांड्यात नळी घातली आणि यंत्रातून कागद बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. मग बॉनेटमध्ये वाकून बघत त्याने विचारलं की इथे कुणी काम केलंय का. शरदरावांनी खरं ते सांगितलं, की मीच काढलं होतं आणि मीच परत लावलं. तपासनिसाने मान हलवली. मागच्या नंबरप्लेटचा बल्ब तेवढा गेलेला होता. तो तिथेच बदलला आणि माझ्या नंबरप्लेटवर पास झाल्याचा नवा गोल शिक्का चिकटला.

चार दिवसांनी ज्ञानदा अठरा वर्षांची झाली. तिच्या हाती गाडी चालवायचा परवाना आला तशी ती माझ्यात बसली. शरदराव गुडघे पोटाशी घेऊन तिच्या शेजारी बसले. ती मला थेट वाइनष्टाइगेवर घेऊन गेली. चढ सुरू झाला. शरदराव तिच्या खांद्यावरून वाकून काटा बघू लागले.

"बाबा, बाहेर बघ," ज्ञानदा म्हणाली. "काट्याकडे मी बघते."

ते सरळ बसले. त्यांनी खिडकीची काच खाली केली. डोंगराखाली सगळं गाव पसरलं होतं. त्यांनी मुलीला वेग कमी कर म्हणून सांगितलं. तिने ऐकलं नाही. मी पूर्ण चढ चढून गेले आणि काटा मध्यावरून हलला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं काहीही तापलं, अडलं, बंद पडलं, तर त्याच्यावर रागावू नका आणि ते टाकूनही देऊ नका. आधी विचारा, हे कधीपासून झालं? मग स्वतःला विचारा, तेव्हा मी काय केलं होतं? एखादा भाग निरुपयोगी वाटला तर काढण्यापूर्वी पाहा, दुसरं कोण त्याच्या आधाराने फिरतंय. आणि चूक सापडली की बाह्या सरसावून बसा. परत लावायला वेळ लागतो. बोल्ट तुटतात. तरी लावा.

मी अजून चालते. पाणी आणि तेल आता दर शनिवारी ज्ञानदा बघते.