आढ्याला टांगलेली फटफटी

या वयात मी खोटं बोलत नाही. फार तर खऱ्याला थोडं खतपाणी घालतो. पण पारूबाईची फटफटी सहा महिने आढ्याला टांगलेली होती, हे बिनखताचं घ्या.

पारूबाई आणि तिचा नवरा माऊली माझे शेजारी. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जातात, पाडव्याच्या आगंमागं परततात. उरलेले सहा महिने ही बाई शंभर सीसीच्या गाडीवर भाजीची गाठोडी बांधून ताडकळसचा अन् आसपासचे बाजार करते. सहा शेळ्या विकून घेतलेली गाडी. ती गेली तर पारूबाई पुन्हा लोकाच्या रानात खुरपायला.

तिचा चुलत दीर बन्सीधर याचा त्या गाडीवर डोळा. तोडणीला न्यायला ट्रक यायच्या आदल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम आला.

"वयनी, सहा महिने उभी ऱ्हायली की गाडी मरती. द्या मला वापरायला."

"तुमाला दिली तर सहा दिवसांत मरंल, भावजी."

"मग लावा शर्त! आल्यावर एका लाथेत चालू झाली तर मी गाडीचं नाव काढणार न्हाई. न्हाई झाली तर गाडी माझी."

माऊली "अगं..." म्हणेपर्यंत इकडं "लागली शर्त" झालंसुद्धा.

मग बाईनं पदर खोचला. पोळ्याच्या बैलासारखी गाडी धुतली, उन्हात खडखडीत वाळवली. जुनं ऑईल काढून नवं भरलं. टाकीतलं पेट्रोल काढलं, कार्बोरेटरातला शेवटचा थेंबही गाळला.

बन्सीधर दारातून हटेना. "पेट्रोल काय दूध हाय का नासायला?"

"दूध नासलं तर कलाकंद तरी हुतोय. ह्याचा निस्ता गोंद हुतोय."

प्लग खोलून तिनं भोकात चमचाभर ऑईल सोडलं, प्लग परत बसवला. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला, साखळीला ग्रीस चोपडलं. बॅटरी काढून माझ्या हवाली केली आणि शेडच्या लाकडी आढ्याकडं बघायला लागली. तिथं बियाण्याची ज्वारीची कणसं लोंबत होती.

"आबा, बियाणं आपुन भुईवर ठेवतो का?"

"न्हाई बा. उंदीर, वाळवी, ओल. सगळंच लागतंय."

"मग हिला तरी का ठेवावं?"

झालं. बैलांचे जुने कासरे आले, सहा माणसं आली, आणि गाडी भुईपासून हातभर वर जाऊन कणसांच्या खाली झुलायला लागली. चाकावर भार नाही, टायरला ओल नाही. जिम्मा माझ्यावर. दर आमुशाला गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवायचं, म्हणजे आतलं इंजिन जाम होत नाही.

थंडीत उंदरांनी खाली बसून माना मोडेपर्यंत वर बघितलं. पौषात नदीकाठची वानरं आली. एक सीटवर बसलं, दोन मागं, आणि बाकीची शेडबाहेर ओळीनं आपल्या पाळीची वाट बघत बसली. पटत नसंल तर वानरांना विचारा, मी काय त्यांना शिकवून ठेवलेलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पारूबाई परतली. तोंडावरची धूळसुद्धा धुतली नव्हती, तोवर बन्सीधर हजर. मागोमाग निम्मं गाव. त्याची आई लक्ष्मीबाई सुपात हरभरे घेऊनच आली.

पारूबाईनं कासऱ्याला हात घातला, तसा बन्सीधर ओरडला, "खाली उतरवायची न्हाई! उतरवताना हलवून हलवून इंजिन मोकळं करताल. हाय तशीच लाथ मारा!"

 टांगलेल्या गाडीला लाथ मारायची कशी? माऊलीनं करून दाखवायला पाय नुसता टेकवला, तर गाडी झोपाळ्यासारखी पलीकडं गेली आणि हा पालथा पडला. बन्सीधर किल्लीसाठी हात पुढं करून उभा. पारूबाईचा चेहरा उतरला. मला तर आमुशांचे सगळे फेरे वाया गेल्यासारखे वाटले.

बाईची नजर मागच्या चाकावर गेली. मग म्हणाली, "आबा, बॅटरी आणा. अन् फवारणीच्या पंपाला लावता ती दोरी आणा."

तिनं बोळा उपसला, बॅटरी जोडली, लोटाभर ताजं पेट्रोल ओतलं, प्लग काढला. गिअर टाकून चाक जोरात फिरवलं, तसं प्लगच्या भोकातून सहा महिन्यांचं ऑईल पिचकारीसारखं उडालं ते थेट बन्सीधरच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"अवं वयनी!"

"जवळ उभं ऱ्हायला कुणी सांगितलं?"

प्लग बसवला, किल्ली फिरवली. मग टायरवर दोरीचे चार वेढे घातले. पंपाचं इंजिन ओढून चालू करतात तसा पाय रोवून एकच हिसका दिला.

फट. फटफट. फटफटफटफट!

गाडी अधांतरी गरजायला लागली. चाकाचा वारा असा सुटला की लक्ष्मीबाईच्या सुपातले हरभरे आपोआप पाखडले गेले आणि फोलपटं पार ताडकळसच्या रस्त्याला लागली. लोकांनी टोप्या उडवल्या. माऊली बायकोकडं अशा कौतुकानं बघत होता, की लग्नात बघायचं राहून गेलं होतं जणू.

"पण लाथ कुठं मारली?" बन्सीधर ओरडत होता. "शर्त लाथेची हुती!"

लक्ष्मीबाईनं सूप खाली ठेवलं. "बन्स्या, एका लाथेचं काम तिनं बिनलाथेचं केलं. अजून तुला लाथच पायजे असंल तर मी हाय की हितं."

पुढच्या बाजाराला पारूबाई एसटीच्या आधी ताडकळसात पोचली, आणि दुपारपर्यंत तिची कोथिंबिरीची काडीसुद्धा उरली नाही.

यंदा दसऱ्याला आमच्या गावातले तोडणीचे लोक पारूबाईच्या शेडपुढं गाड्या घेऊन उभे होते. सात गाड्या टांगल्यात. आढं वाकलं म्हणून खाली दोन खांब दिलेत. दर आमुशाला मी सातही चाकं फिरवतो. बन्सीधरनं शेवटी स्वतःची घेतलेली गाडी टोकाला आहे. ती मी जरा जास्तच फिरवतो, तिला बिचारीला मालक तसला मिळालाय.