गवताचं पाणी

"पिताय, की डोक्यावर ओतू?" तिने कप नवऱ्यापुढे आदळला.

"गवताचं पाणी पाजतेस. मारायचंच तर एकदाचं मार," म्हणत त्याने कप ढकलला. हिरवट चहा टेबलभर पसरला.

तो कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. तिथल्या गोंगाटात ओरडून बोलायची लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ती घरी बसून शर्टांची काजं करायची आणि सुई टोचावी तसं बोलायची. दोघांचा संसार तू-तू मी-मी करतच म्हातारा झाला. मग तो ओळखीचे रस्ते विसरू लागला, तेव्हा मुलीने त्याचं नाव इस्पितळातल्या संशोधनात घातलं. हिरव्या चहाने मेंदूचं म्हातारपण लांबणीवर पडतं का, ते तिथे तपासत होते. अर्ध्यांना खरी पूड, अर्ध्यांना तशीच दिसणारी दुसरी. कुणाला कुठली, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं.

तपासणीला तो आत गेला की तिला प्रश्न विचारत. घरात ताण असतो का, या प्रश्नावर ती म्हणाली, ताण कसला, उभा दावा आहे. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सततच्या ताणाने मेंदू लवकर झिजत असावा असं वाटतं, जमेल तेवढं घर शांत ठेवा, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे माझ्या तोंडाने झालं हे?"

"तसं कुणीच म्हणू शकत नाही."

पण ते तिच्या मनात रुतलं. तिने तोंड शिवून घेतलं. तो कळ काढायचा, ती उठून आत जायची. त्याने चहा मोरीत ओतला तरी मुकाट्याने दुसरा करायची. मनातून मात्र त्याचा गळा धरावासा वाटायचा. जन्मभर बोलणी खाल्ली तिने, आणि आजाराचं खापरही तिच्याच डोक्यावर.

संशोधन संपलं. चहाने फरक पडला असं म्हणण्याजोगं काही हाती आलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. भांडणाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही.

तोवर त्याचं ओरडणं आपोआप थांबलं होतं. एका सकाळी तिने नेहमीचा दुधाचा चहा पुढे ठेवला, तर तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आभारी आहे. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

तिने ठेवणीतले शब्द काढले. त्याच्या बॉयलरचा, त्याच्या आईचा, सगळ्या खानदानाचा उद्धार केला. जे ऐकून तो पूर्वी ताट भिरकावायचा, ते सगळं बोलली.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग टेबलाला धरून उठला आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "फार दमलेल्या दिसता."

ती बसली. तो बाजूलाच उभा राहिला, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.