घरच्यांची चिठ्ठी

कार्थेजच्या तुरुंगातून नामगिदा जिवंत सुटली, तेव्हा तिचा दीर रोगातुस तिच्या दारातच उभा होता. ख्रिस्ताला नाकारून, सम्राटाच्या देवांपुढे धूप जाळून त्याने स्वतःची कातडी वाचवली होती, आणि वर सख्ख्या भावाचं नाव शिपायांना सांगितलं होतं. तो भाऊ, तिचा नवरा मिग्गिन, कोठडीत अन्नावाचून तडफडून मेला.

आता ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला होता, पण धूप जाळणाऱ्यांना त्यांची मंडळी प्रार्थनेला आत घेत नव्हती. श्रद्धेपायी तुरुंग भोगलेल्या कुणी चिठ्ठी दिली, तरच दार उघडायचं.

"वहिनी, फार काही नको," रोगातुस म्हणाला. "सगळे लिहितात तेवढंच. रोगातुसला आणि त्याच्या घरच्यांना आत घ्या."

"असं मोघम कशाला, भावोजी? एकेकाचं नाव घालते. सांगा."

त्याने बायकोचं सांगितलं, दोन्ही मुलींचं, सासूचं, चुलीपाशी राबणाऱ्या दासीचंही. नामगिदाने सगळी लिहिली आणि मिग्गिनच्या अंगठीचा शिक्का मारला. रोगातुसला वाचता येत नव्हतं. तो तिच्या पाया पडला.

रविवारी बिशपने चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली. बायको आत गेली, मुली गेल्या, सासू लंगडत गेली, पाठोपाठ दासीही गेली. बिशपने चिठ्ठीची घडी घातली.

"वहिनी," उंबऱ्याबाहेरून रोगातुस म्हणाला, "माझं नाव राहिलं."

"तुमचं नाव तुमच्या भावाने सांगायचं, भावोजी," नामगिदा म्हणाली. "तो आला की बघू."