पायडलवरचा पाय

मी एक जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन आहे. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे, पण टाका अजून पक्का आहे, हे आधीच सांगून टाकते. कारखान्यात मला घडवलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि दुकानाच्या काचेमागून मी थेट एका नव्या नवरीच्या घरी आले. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणते. मीही तेच म्हणते.

आमचं छान जमलं. तिचा उजवा पाय पायडलवर पडला की पट्टा फिरे, चाक फिरे आणि माझी सुई धावू लागे. गणवेश, अभ्रे, पडदे, काय म्हणून शिवलं नाही! "मशीन कसली, बहीणच आहे माझी," असं ती गिऱ्हाइकांना सांगे, आणि मी फुगून जाई.

मग तिचा पाय बिनसला. आधी मुंग्या आल्या, मग तो जड झाला. माझा एक वाईट स्वभाव आहे. पाय चुकीच्या वेळी पडला, की चाक उलटं फिरतं आणि दोरा तटकन तुटतो. आता दोरे रोज तुटू लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. त्यात मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा निरोप वाटेतच अडकतो. मित्रांनो, माझ्या टेलरबाईचा पाय आळशी नव्हता हो! त्याला निरोपच मिळत नव्हता.

तिचा नवरा पंखे दुरुस्त करतो. बायकोवर त्याचा फार जीव, आणि प्रत्येक दुखण्यावर त्याला एकच औषध ठाऊक, ते म्हणजे मोटर. त्यानं माझा पट्टा काढला, हाताच्या बटणावर चालणारी मोटर बसवली आणि पायडलवर पंख्यांची जुनी पाती रचून ठेवली.

"आता तुला पाय हलवायलाच नको," तो कौतुकानं म्हणाला.

ती "बरं" म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. मोटर सुसाट पळे, ती घाबरून हात मागे घेई. शेवटी तिनं माझ्यावर चादर टाकली. नवरा पाण्याचा पेलाही तिच्या हातात नेऊन देई. बसून बसून पाय आणखीच रुसला. चादरीखाली मला फार रडू येई.

एकदा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाई घरी आल्या. पिशवी ठेवायला जागा शोधताना त्यांनी चादर उचलली.

"अहो, हे पायडल बंद का केलंत?"

"तिला त्रास नको म्हणून," नवरा म्हणाला.

"तुमची माया कळते मला. पण मेंदूचा नेहमीचा रस्ता अडला, तर तो गल्लीबोळातून वाट काढू शकतो. त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा काम द्यावं लागतं, आणि हे तर ओळखीचं काम आहे. पाय अगदी पूर्वीसारखा होईल, असं वचन मी देत नाही. रोज थोडं करा, दमायच्या आत थांबा."

नवरा डोकं खाजवत उठला. पाती बाजूला झाली, मोटर उतरली, पट्टा परत चढला. आधी दोऱ्याशिवायच सुरुवात झाली. तो तिच्या पायाशी बसून "पुढे, मागे" म्हणत ताल धरी. चाक उलटं फिरलं की म्हणे, "अगं, उलट्या गावाला कुठे निघालीस?" ती हसे. काही दिवस पाय मुळीच ऐकत नसे, तेव्हा ती रडेही. दुसऱ्या दिवशी मात्र दोघं पुन्हा हजर.

आणि एका दुपारी चाक सरळ फिरलं. पुन्हा फिरलं, फिरतच राहिलं. दोरा न तुटता शिवण कडेपर्यंत गेली!

"वाकडी आली हो," ती म्हणाली.

"खबरदार उसवलीस तर!" नवऱ्यानं कापड उचलून उलटसुलट पाहिलं. "काय शिवलंस एवढं?"

"तुमच्या मोटरला खोळ."

मोटर आता त्या वाकड्या खोळीत, कपाटात झोपली आहे. टेलरबाईचा पाय अजून कधीकधी रुसतो. मग आम्ही दोघी थोडं थांबतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला तेल घाला, तिची धूळ पुसा. आजारी माणसाचीही काळजी घ्या, पण त्याला जमेल ते काम त्याच्या हातापायांतून काढून घेऊ नका. पायाशी बसून ताल धरा. चादर टाकायचीच असेल, तर मोटरवर टाका.