गुरुवारच्या दोन फेऱ्या

गिंकाने काउंटरमागून खुर्ची ओढून काढली, ॲप्रनच्या टोकाने तिची बैठक पुसली आणि प्लास्टिकच्या बादल्यांची चळत पायाने सरकवून खिडकीपाशी जागा केली.

"ही तुझ्या आईची," ती म्हणाली. "काल पोस्टमन बसायला बघत होता. उठवला मेल्याला. म्हटलं, अमेरिकेहून माणूस यायचंय, तुझ्या विजारीची धूळ कशाला त्याला?"

ग्वेनने मान हलवली. खुर्ची लाकडी होती, हात असलेली. आईला उठताना हातांचा आधार लागतो, हे तिनंच गिंकाला जूनमध्ये सांगितलं होतं.

"कधी येतेय म्हणालीस?"

"ऑक्टोबरात. पहिल्या आठवड्यात."

"म्हणजे आलीच की."

"आलीच."

आई वारल्याला अकरा दिवस झाले होते. ग्वेनने कपड्यांच्या चिमट्यांचं एक पाकीट घेतलं, घरी अशी चार पडलेली असताना, आणि ती बाहेर आली.

प्लामेन अमेरिकेत, मिनेसोटात ट्रक चालवायचा. तिथून तो ग्वेनला लग्न करून गाब्रोवोला, आमच्या गावात, घेऊन आला, त्याला नऊ वर्षं झाली. ती आता आमच्यासारखीच बोलते, फक्त सावकाश. आई मात्र तिकडेच राहिली, ब्रेनर्ड नावाच्या गावात. व्हर्ना तिचं नाव. नवरा गेला तेव्हा डॉक्टरने तिला सांगितलं, चालत राहा, नाहीतर गुडघा धरेल. पण तिकडे पाच महिने रस्त्यावर बर्फ. म्हातारीने चालायचं कुठं? म्हणून ती दर गुरुवारी सकाळी गावाबाहेरच्या त्या मोठ्या दुकानात जायची. एकाच छपराखाली टायरपासून टोमॅटोपर्यंत सगळं. लाल ढकलगाडी धरायची, कडेकडेने दोन फेऱ्या मारायची, आणि दुसरी फेरी संपली की मक्याच्या लाह्यांची पुडी घेऊन बाकावर बसायची. सतरा वर्षं तिने हे केलं. गेल्या हिवाळ्यात ती स्वतःच्याच दाराच्या पायरीवर घसरली आणि मग मुलीकडे यायला कबूल झाली. एका अटीवर.

"येईन," ती फोनवर म्हणाली होती. "पण गुरुवारी मी कुठं चालायचं ते आधी सांग."

ग्वेन आधी बाह्यवळणावरच्या मोठ्या दुकानात गेली. आतल्या वाटा रुंद होत्या, ढकलगाड्या होत्या. तिने दारावरच्या रखवालदाराला विचारलं, माझी आई इथं नुसत्या दोन फेऱ्या मारेल, चालेल का? तो म्हणाला, "बाई, काही घ्यायचं नसेल तर येणार कशाला? आमचं दुकान आहे, बाग नाही." शिवाय तिथं जायला बस लागायची. म्हणून मग तिने वही काढली. डाव्या बाजूला आईच्या तिकडच्या मोठ्या दुकानातला विभाग, उजव्या बाजूला त्याऐवजी आमच्याकडे काय. बल्ब आणि स्क्रूऐवजी मिंचोचं लोखंडी सामान. बादल्या-टॉवेलऐवजी गिंका. मग औषधांचं, लोकरीचं, बियाण्यांचं, बेकरी, आणि फोटोच्या खिडकीऐवजी रोसित्साचं छपाईचं दुकान. सात दुकानं. घरातून निघून सगळी करून परत यायचं तर दोन हजार सहाशे पावलं. तिकडच्या दोन फेऱ्यांची पावलंही तेवढीच भरायची, व्हर्नाने मनगटावरच्या घड्याळावर मोजली होती.

ग्वेन रविवारी फोनवर वही वाचून दाखवायची आणि म्हातारी प्रत्येक दुकानाला एकच प्रश्न विचारायची, बसायला आहे का? मग ग्वेन सोमवारी त्या दुकानात जाऊन, लाजलज्जा गुंडाळून, खुर्ची मागायची. असा अख्खा उन्हाळा गेला. व्हर्नाने विमानाचं तिकीटही काढलं नव्हतं, पण तिचा कोणता गुडघा दुखतो हे आमच्या सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं.

आणि मग एका दुपारी ग्वेनच्या भावाचा, केंटचा, फोन आला. झोपेतच गेली, म्हणाला. तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, उगाच धावपळ करू नकोस. ग्वेनने हट्ट केला नाही. अंत्यविधी तिने फोनवर पाहिला, साखरेच्या डब्याला फोन टेकवून. त्या दिवशी भाजलेल्या मिरच्यांची एक परात समोर होती, हिवाळ्याच्या बरण्या भरायच्या होत्या. पाद्री बोलत होता आणि ती मिरच्या सोलत होती. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. बरण्या मात्र चौदा झाल्या.

"ए अमेरिका!"

मिंचो दुकानाच्या दारातून हाका मारत होता. सत्तरीचा माणूस, डोक्यावर बारा महिने टोपी. त्याच्या दुकानाला रस्त्यावरून तीन पायऱ्या, आणि कालपर्यंत कठडा नव्हता. आज तिथं लोखंडी नळी होती, हिरव्या रंगाची, रंग अजून ओलसर.

"धर. हलवून बघ."

तिने धरली.

"हलते का?"

"नाही."

"कशी हलेल! तुझ्या आईच्या मागून बैल आला तरी हलायची नाही. गाब्रोवोच्या कंजूष माणसाने फुकटात नळी लावलीय, तारीख लिहून ठेव कुठंतरी. पुन्हा व्हायचं नाही." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "आवडली नाही?"

"आवडली, मिंचोकाका."

"मग तोंड का असं? प्लामेनशी भांडलीस?"

"नाही."

"मग एकदा चढून दाखव की. म्हातारीसारखी, सावकाश."

तिने नळी धरून तीन पायऱ्या चढून दाखवल्या, आणि उतरूनही. मिंचो वाकून तिची पावलं बघत होता. तळहाताला हिरवा रंग लागला. घरी येऊन तिने तो घासला, पण सगळा गेला नाही.

"सांगून टाक ना त्यांना," जेवताना प्लामेन म्हणाला. "रोज एकेक खोटं कुठवर बोलणार?"

"सांगायला जाते. तोंडातून ऑक्टोबर निघतो."

"मग दारावर कागद लाव. त्यासाठीच तर असतो तो. तोंडाने सांगायला लागू नये म्हणून."

त्यांच्या खिडकीसमोरच्या खांबावर तसले चार-पाच कागद होते. काळी चौकट, मधे फोटो, खाली नाव. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या दारावर, कामाच्या जागी, जिथं जिथं त्याचं जाणं-येणं होतं तिथं हा कागद लागतो. ग्वेन नऊ वर्षं ते येता-जाता वाचत आली होती.

"ती इथं कधी आलीच नाही," ती म्हणाली. "इथं तिचा कागद कोण वाचणार?"

"आणि तिकडे? केंटने कुणाकुणाला कळवलं?"

"पेपरात दिलं. चर्चमध्ये सांगितलं."

"आणि त्या दुकानात?"

ग्वेनने पावाचा तुकडा ताटलीत ठेवला. "तिथं कुणाला सांगणार? तिथं तिचं नाव कुणाला माहीत होतं?"

प्लामेनने बरणीतली एक मिरची तिच्या ताटलीत घातली. ती तिने खाल्ली. चव लागली की नाही, तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी ती रोसित्साच्या छपाईच्या दुकानात गेली. रोसित्साची नजर संगणकाच्या पडद्यावर होती.

"बोल गं. आईचा व्हिसा आला वाटतं? झेरॉक्स?"

"काळ्या चौकटीचा कागद हवाय," ग्वेन म्हणाली.

रोसित्साने मान वर केली. एक खुर्ची पुढे सरकवली, ग्वेनच्याच मागणीवरून जुलैमध्ये आणलेली. ग्वेन उभीच राहिली.

फोटो फोनमध्ये एकच बरा होता. व्हर्ना त्या मोठ्या दुकानात, दोन्ही हात लाल ढकलगाडीवर, काहीतरी बोलता बोलता हसलेली.

"गाडी कापू का?" रोसित्साने विचारलं. "नुसता चेहरा ठेवतात."

"नको. असू दे."

"खाली काय लिहू? लोक 'खोल दुःखाने कळवतो' लिहितात."

दुःख कुठं आहे ते ग्वेनला बारा दिवस सापडलं नव्हतं. "नुसतं नाव लिही," ती म्हणाली. "व्हर्ना, ग्वेनची आई."

"किती काढू? एक घराला, एक खांबाला..."

"एक घराला. आणि सात."

"सात कुठं लावणार?"

ग्वेनने हाताने गल्ली दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रोसित्साने आठ कागद काढले, त्यातला एक स्वतःच उचलला आणि आपल्या दाराच्या काचेवर आतून चिकटवला. पैसे घेतले नाहीत. वर चिकटपट्टीचं रीळही दिलं.

बेकरी, बियाणं, लोकर, औषधं. ग्वेनने वहीतली दुकानं एकेक करत घेतली. काही बोलावं लागलं नाही. कागद पुढे केला की लोक तिच्याकडे पाहायचे, छातीवर क्रूस काढायचे आणि गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं म्हणायचे, "देव तिला क्षमा करो." ती मान हलवायची.

मिंचोने कागद हात लांब करून वाचला. मग टोपी काढली.

"कधी?"

"बारा दिवस झाले."

"आणि काल तू माझ्यासमोर पायऱ्या चढून दाखवल्यास?"

"हो."

"आणि मी मूर्खासारखा बैलाच्या गोष्टी करतोय!" तो खरंच चिडला होता. त्याने कागद दारावर लावला, जरा तिरका लागला, पुन्हा काढून सरळ लावला. मग नळीवर थाप मारली. "ही काढायची नाही हं. तिची आहे."

गिंकाचं दुकान शेवटचं. ती शिडीवर चढून झाडू टांगत होती. खाली उतरली, ॲप्रनच्या खिशातला चष्मा काढला, कागद वाचला. एकदा, मग पुन्हा.

"ऑक्टोबरात म्हणालीस."

"हो."

"माझ्या तोंडावर. आणि मी खुर्ची पुसतेय."

"हो, गिंकामावशी."

गिंका तिला अजून काहीतरी बोलणार होती, दिसतच होतं. पण तिने चिकटपट्टी दाताने तोडली आणि खिडकीतल्या बादल्या बाजूला करून कागद काचेला लावला, रस्त्यावरून दिसेल असा. मग खुर्चीकडे बोट केलं.

"बस."

"ती तिची आहे."

"मग दुसरं कोण बसणार त्यात? बस म्हणते ना."

ग्वेन बसली. गिंकाने काउंटरखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. येईल त्याला एकेक द्यायचं, तिच्या नावाने. हे ग्वेनला सांगावं लागलं नाही, दुसऱ्यांच्या घरी तिने पुष्कळदा पाहिलं होतं. एक माणूस चाळणी घ्यायला आला, त्याला दिलं. पोस्टमन आला, खुर्चीकडे बघून जरा बिचकला, त्यालाही दिलं. "देव तिला क्षमा करो," ते म्हणायचे, आणि बिस्कीट खात निघून जायचे.

मग बाहेर काचेपाशी दोनका आजी येऊन थांबली. नव्वदीला टेकलेली बाई, गल्लीतला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तिने काचेला नाक लावलं, काठी आपटली आणि आत आली.

"ही कोण गं? मला माहीत नाही अशी कोण मेली?"

"माहीत कशी नाही?" गिंका म्हणाली. "ग्वेनची आई. गुरुवारी यायची ना."

ग्वेनने वर पाहिलं. गिंका तिच्याकडे बघत नव्हती, टॉवेलांच्या घड्या सारख्या करत होती.

दोनका आजीने पुन्हा बाहेर जाऊन फोटो पाहिला आणि परत आली. "ती गाडीवाली?"

"तीच ती, गाडीवाली."

"उजवा गुडघा?"

"उजवाच."

"हां, मग सांग ना तसं! आठवली की." म्हातारीने ग्वेनच्या मांडीवरच्या डब्यातून एक बिस्कीट घेतलं, जरा थांबून दुसरंही घेतलं. "देव तिला क्षमा करो. बाई गुणाची होती. पण काय गं, त्या गुडघ्यावर एवढी चालायची तरी कशी?"

"सावकाश," ग्वेन म्हणाली. "गाडी धरून."

"पडायची नाही?"

"दुकानात नाही. दोन फेऱ्या मारायची." तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. "दोन फेऱ्या मारायची आणि मग..."

गिंकाने घड्या तशाच टाकल्या, जवळ येऊन तिच्या मांडीवरचा डबा उचलला आणि बिस्किटं भिजू नयेत म्हणून झाकण लावलं.